कोऱ्या हेलिकॉप्टरने किती तास उडावे?

अमेरिकेत एखाद्या हौशी माणसाने सुटे भाग आणून घरच्या गॅरेजमध्ये हेलिकॉप्टर बांधले, तर तिथली हवाई नियामक संस्था एफएए त्याला साधारण ४० तास चाचणी उड्डाणे करायला लावते. नेमून दिलेल्या परिसरातच उडायचे, हौसेने प्रवासी बसवायचे नाहीत, आणि हे तास भरल्याशिवाय पुढची मोकळीक नाही. त्याच देशात कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या हेलिकॉप्टरला मात्र तासांचा असा आकडा कोणत्याही नियमाने घातलेला नाही. नियम सांगतो ते एवढेच, की उत्पादकाने चाचणीची पद्धत आणि तपासणी-तक्ता मंजूर करून घ्यावा आणि त्याप्रमाणे तयार झालेले प्रत्येक यंत्र उडवून पाहावे. नियंत्रणे नीट चालतात का, वैमानिकाच्या हाताखाली येणारी प्रत्येक यंत्रणा काम करते का, मापक यंत्रांवरच्या खुणा बरोबर आहेत का, हे पाहायचे. त्याला दोन तास लागोत की वीस. त्यामुळे नवे हलके हेलिकॉप्टर ताब्यात घेताना त्याच्या तासमापकावर बहुधा एकआकडी तास दिसतात. दोन इंजिनांच्या, उपकरणांनी भरलेल्या मोठ्या हेलिकॉप्टरवर ते अधिक असतात. कोट्यवधी रुपये मोजणाऱ्या ग्राहकाला, आणि त्यात बसणाऱ्या प्रवाशालाही, इथे प्रश्न पडतो: हौशी माणसाला ४० तास आणि कारखान्याला पाच-सात तास पुरतात कसे? माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर तासांत शोधणे हीच चूक आहे. तास हे चाचणीचे माप नाही. चाचणी करताना जो वेळ खर्च झाला त्याची ती नोंद आहे. सोपवण्याआधी हेलिकॉप्टरवर कोणती कामे झाली, कोणत्या क्रमाने झाली आणि शेवटचा पाना लावल्यानंतर ते पुन्हा उडवले गेले का, हे माप खरे.

आधी एक गल्लत दूर करायला हवी. हेलिकॉप्टरच्या चाचण्यांचे म्हणून जे मोठे आकडे ऐकू येतात ते एका यंत्राचे नसतात, त्या जातीच्या मंजुरीचे असतात. एफएएच्या नियमांनुसार मोठ्या, प्रवासी वाहतुकीच्या गटातल्या हेलिकॉप्टरच्या रोटर-चालक यंत्रणेला किमान २०० तासांची सहनशक्ती चाचणी द्यावी लागते, लहान गटाला १०० तासांची. मंजुरीपूर्वीची विश्वासार्हता उड्डाणे वेगळीच. आधी कुठल्याही मंजूर विमानात न वापरलेल्या प्रकारचे टर्बाइन इंजिन असेल तर ती किमान ३०० तास, एरवी १५० तास. ही उड्डाणे धोक्याच्या सीमेवरची असतात. ६ जुलै २०१६ रोजी टेक्सासमध्ये बेल ५२५ चे चाचणी हेलिकॉप्टर तीव्र कंपनांमुळे हवेतच मोडले आणि दोन्ही चाचणी वैमानिक दगावले, ते अशाच विकास-चाचणीत. रचना मुळात बरोबर आहे का, हा त्या चाचण्यांचा प्रश्न असतो. कारखान्यातून निघणाऱ्या शंभराव्या किंवा हजाराव्या नगाला तो पुन्हा विचारायचा नसतो. हा नग मंजूर रचनेप्रमाणेच बांधला गेला आहे का, एवढेच त्याला विचारायचे. हौशी बांधकाम करणाऱ्याला ४० तास लागतात त्याचे कारणही इथेच आहे. त्याच्या हातचे हेलिकॉप्टर हा बहुतेक वेळा एकुलता नग असतो, त्याच्यामागे मंजूर उत्पादनव्यवस्था नसते, प्रत्येक बोल्टवर दुसऱ्या निरीक्षकाची सही नसते. जातीची आणि नगाची, दोन्ही परीक्षा त्याला एकदमच द्याव्या लागतात.

आता त्या मोजक्या तासांत कारखान्यात काय होते ते पाहू, कारण सगळा मुद्दा या तपशिलात आहे. इंजिन त्याच्या निर्मात्याकडून चाचणी-कक्षात चालवूनच आलेले असते. पात्यांचे संतुलनही आधीच प्रमाण पात्याशी ताडून पाहिलेले असते. जुळणी झाल्यावर पहिली पाळी जमिनीवरची. इंजिन चालवायचे, तेल-इंधन कुठे झिरपते का पाहायचे, सायक्लिक आणि कलेक्टिव्ह या पात्यांचे कोन बदलणाऱ्या दांड्या पूर्ण टोकापर्यंत फिरवून पात्यांचे कोन मोजायचे. मग जमिनीपासून काही फुटांवर तरंगणे आणि त्यानंतर पुढच्या वेगाची उड्डाणे. इथून रोटरच्या ट्रॅकिंग-बॅलन्सिंगचे चिवट काम सुरू होते. सगळ्या पात्यांची टोके एकाच पातळीतून फिरली पाहिजेत, आणि कंपनमापकाने दाखवलेली थरथर पुस्तकातल्या मर्यादेत आली पाहिजे. एका पात्याच्या पिच-लिंकला अर्धा वेढा द्यायचा, दुसऱ्याच्या टोकाला थोडे वजन वाढवायचे, ट्रिम-टॅब किंचित वाकवायचा आणि पुन्हा उडायचे. तरंगताना गुळगुळीत असलेले यंत्र वेगात थरथरते, वेगातले दुरुस्त केले की तरंगण्यातले बिघडते. त्यातच ऑटोरोटेशनची तपासणी असते. वैमानिक उंचीवर जातो, कलेक्टिव्ह पूर्ण खाली करतो, आणि इंजिनाच्या आधाराशिवाय फक्त वाऱ्यावर फिरणाऱ्या रोटरचे फेरे वजन, उंची आणि तापमानाच्या तक्त्याशी ताडून पाहतो. फेरे कमी भरले तर इंजिन बंद पडल्यावर सुखरूप उतरण्याची शक्यता तेवढी कमी होते, म्हणून ते जुळवावेच लागतात. ते जुळवायला पिच-लिंक हलवल्या की ट्रॅकिंग पुन्हा तपासणे आले.

या कामाचा एक परिणाम ग्राहकांच्या सहसा लक्षात येत नाही. एकाच आठवड्यात तयार झालेल्या दोन हेलिकॉप्टरांपैकी एक पहिल्याच फेरीत जुळून येते आणि तीन तासांत मोकळे होते. दुसरे हट्टी निघते आणि त्याला दहा तास लागतात. तासमापक पाहून खरेदी करणाऱ्याला दुसरे अधिक तपासलेले वाटेल. खरे तर ते अधिक त्रास दिलेले असते, आणि तो त्रास कशाचा होता हे फक्त नोंदवहीत सापडते. जास्त तास म्हणजे जास्त खात्री हे समीकरण इथे कोलमडते.

तरीही आक्षेप उरतो: पाच तासांनी जे दिसले नाही ते पन्नास तासांनी दिसेल, मग उडवायला काय हरकत आहे? याचे उत्तर बिघाडांच्या स्वभावात आहे. युनायटेड एअरलाइन्सच्या नोवलान आणि हीप यांनी १९७८ मध्ये विमानांच्या भागांचा जो अभ्यास मांडला, त्यात ६८ टक्के भागांचा कल एकसारखा निघाला: सुरुवातीला बिघाडाची शक्यता जास्त, ती लवकर उतरते, आणि पुढे वय वाढले तरी जवळपास सपाट राहते. अभ्यास प्रवासी विमानांचा होता, पण त्यातून निघणारे तत्त्व जुळणी केलेल्या कोणत्याही गुंतागुंतीच्या यंत्राला लागू पडते. जुळणीतला दोष, म्हणजे अपुरा आवळलेला नट, उलटा बसवलेला भाग, चिमटलेली वायर, लवकर तोंड वर काढतो. या एका वर्गासाठी पहिले तास अमूल्य आहेत. म्हणूनच सोपवल्यानंतरही पहिल्या काही तासांनी खास तपासणी, नट-बोल्टांचा पीळ पुन्हा पाहणे, तेल बदलणे अशी कामे निर्माते पुस्तकात घालून देतात. पण धातूच्या थकव्याचे आणि रचनेतल्या उणिवांचे दोष शेकडो, कधी हजारो तासांनी उघडतात. कारखान्याने पन्नास नव्हे, शंभर तास उडवले तरी ते त्याच्या हाती लागणार नाहीत.

उत्तर समुद्रातले २०१२ चे दोन अपघात या मुद्द्याला फार नेमका पुरावा देतात. १० मे आणि २२ ऑक्टोबर २०१२ रोजी एअरबसची (तेव्हाच्या युरोकॉप्टरची) दोन ईसी २२५ हेलिकॉप्टरे तेलक्षेत्राकडे जाताना समुद्रात उतरवावी लागली. पहिल्यात १४ आणि दुसऱ्यात १९ माणसे होती, सगळी वाचली. दोन्ही वेळा मुख्य गिअरबॉक्समधला, तेलाचे पंप फिरवणारा उभा शाफ्ट तुटला होता. गंजाचे बारीक खड्डे आणि वेल्डिंगमुळे राहिलेला ताण यांतून तडा सुरू झाला होता. एका शाफ्टचे आयुष्य ३,८४५ तास झाले होते, दुसऱ्याचे अवघे १६७. आता १६७ हा आकडा समोर ठेवून विचार करा. कोणत्याही कारखान्याने सोपवण्याआधी एवढे उडवावे असे कुणी सुचवणार नाही, आणि उडवले असते तरी ३,८४५ तासांचा भाग तेव्हा निर्दोषच ठरला असता. या कारणाला तासांचा कोणताही किमान आकडा पुरा पडला नसता. इलाज झाला तो शाफ्टची रचना बदलून आणि कंपनांवरची देखरेख कडक करून.

पण या अपघातांचा दुसरा अर्धा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तेलाचा पुरवठा तुटल्यावर गिअरबॉक्स सुमारे अर्धा तास थंड ठेवणारी आणीबाणीची यंत्रणा या हेलिकॉप्टरांत होती. दोन्ही वैमानिकांनी ती सुरू केली आणि ती खरोखर चालू झाली. तरी ती निकामी असल्याचा इशारा दिवा लागला, म्हणून त्यांना लगेच पाण्यावर उतरावे लागले. ब्रिटिश अपघात अन्वेषण विभागाच्या तपासात कळले, की दाबाचा स्विच आणि हेलिकॉप्टरची वायरिंग एकमेकांशी जुळतच नव्हती. यंत्रणा सुरू केली की तो खोटा इशारा दरवेळी येणारच होता. हा दोष सोपवण्याच्या वेळीही तिथेच होता आणि अनेक हेलिकॉप्टरांत एकसारखा होता. नेहमीची उड्डाणे हजार तास केली असती तरी तो सापडला नसता, कारण त्या उड्डाणांत ती यंत्रणा कुणी सुरू करत नाही. जमिनीवर ती यंत्रणा पूर्ण साखळीनिशी एकदा चालवून पाहिली असती तर काही मिनिटांत सापडला असता. अशी चाचणी गिअरबॉक्समध्ये रसायन सोडते, म्हणून ती करणे सोपे नाही हे मान्य. पण वायरिंग आणि स्विच यांचा मेळ त्याविनाही तपासता येतो. काय तपासले हा प्रश्न किती तास उडाले या प्रश्नाच्या कितीतरी पुढचा आहे, हे यापेक्षा स्पष्ट कुठल्या उदाहरणाने होणार?

सिकोर्स्कीच्या एस-९२ ची कथा याच दिशेची, पण अधिक वेदनादायक आहे. १२ मार्च २००९ रोजी न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याबाहेर कूगर कंपनीचे एस-९२ समुद्रात कोसळले. १८ जणांपैकी एकच वाचला. गिअरबॉक्सच्या तेलाच्या फिल्टरचे झाकण धरणारा टायटॅनियमचा स्टड तुटून सगळे तेल वाहून गेले होते. २००२ मध्ये मंजुरीच्या वेळी तेल काढून घेऊन चाचणी केली, तेव्हा गिअरबॉक्स ११ मिनिटांच्या आसपास बंद पडला होता. पुढे तेल पूर्ण जाण्याची शक्यता अत्यंत दुर्मीळ ठरवून मंजुरी मिळाली. आणि तो स्टड थकला कशाने? देखभालीत झाकण पुन्हा पुन्हा काढून-घालून झालेल्या झिजेने. म्हणजे कारखान्यातून निघतानाचा स्टड ठणठणीत होता. जातीची परीक्षा कमी पडली, तर प्रत्येक नगाचे तास कितीही वाढवून ती उणीव भरून निघत नाही.

इथे विरोधी बाजूचा सर्वांत जोरदार युक्तिवाद घ्यायला हवा. चाचणी कारखानाच करतो, सहीही त्याचाच वैमानिक करतो, आणि महिनाअखेरीस माल सोपवण्याचा दबावही त्याच्यावरच असतो. अशा वेळी कामांचा तक्ता भराभर खुणा करून पूर्ण करता येतो, तासांचा किमान आकडा निदान बाहेरच्या माणसाला तपासता येतो. ही भीती खोटी नाही. पण आकड्याने ती जात नाही. तास भरण्यासाठी विमानतळाभोवती शांत हवेत चकरा मारणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे, आणि त्या चकरांत वर सांगितलेली एकही अवघड तपासणी होत नाही. हौशी बांधकामाच्या क्षेत्रातच हा अनुभव आला. आकडा भरण्याऐवजी ठरावीक तपासण्या पुऱ्या करून चाचणी उड्डाणांचा टप्पा संपवण्याची वाट एफएएने आता खुली केली आहे. अमेरिकी राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या २०१२ च्या अभ्यासात हौशी विमानांचे बरेच अपघात यंत्राच्या आयुष्याच्या सुरुवातीला आढळले, आणि तितकेच लक्षणीय प्रमाण विमान नव्या मालकाकडे गेल्यानंतरच्या काळातले होते. नव्या मालकाचा अननुभव यंत्राने आधी केलेल्या तासांनी भरून निघत नाही. जास्त तासांना किंमतही असते. रॉबिन्सन आर-४४ चा कारखान्यातला पूर्ण फेरजुळणीचा टप्पा २,२०० तासांवर किंवा १२ वर्षांवर येतो. ५० तास आधीच उडवले तर ग्राहकाचे सव्वादोन टक्के आयुष्य त्याने न वापरता गेले. हितसंबंधांच्या भीतीवरचा खरा उपाय स्वतंत्र डोळा आहे: ग्राहकाचा वैमानिक आणि अभियंता स्वीकृती उड्डाणाला हजर असणे, आणि कारखान्याच्या नोंदी त्यांच्या हातात पडणे.

एक किमान अट मात्र मला आकड्यापेक्षा मोलाची वाटते, आणि ती नियमात यावी. हेलिकॉप्टरच्या नियंत्रणांवर किंवा रोटरवर शेवटचा फेरफार झाल्यानंतर, कशालाही हात न लावता, पूर्ण तपासणी-तक्त्याचे एक पुरेसे लांब उड्डाण झालेच पाहिजे. त्यात दोष निघाला तर दुरुस्ती करून ते उड्डाण पुन्हा पहिल्यापासून. ज्या यंत्राचे शेवटचे उड्डाण निर्दोष आहे ते तीन तासांवरही सोपवावे. ज्याचे नाही ते तीस तासांवरही नाही.

भारताच्या दृष्टीने ही अट नुसती तात्त्विक नाही. परदेशी कारखान्यांतून आपल्याकडे येणारी अनेक हेलिकॉप्टरे पाती उतरवून, कधी आणखी सुटी करून, कंटेनरमधून किंवा मालवाहू विमानातून येतात. इथे पाती पुन्हा चढतात, नियंत्रणांचे जोड पुन्हा बसतात. अमेरिकी नियमानेही न जुळवता निर्यात होणाऱ्या विमानाला कारखान्यातल्या उड्डाण चाचणीतून सूट ठेवली आहे. ती चाचणी जिथे जुळणी होईल तिथे व्हावी, हे उघडच आहे. रॉबिन्सनच्या टोरन्स इथल्या कारखान्यात समुद्रसपाटीच्या थंड हवेत उडालेले तास, जुहूला पुन्हा जुळणी केलेल्या रोटरच्या बाबतीत जवळपास रद्द होतात. फेरजुळणीनंतरचे पहिले उड्डाण हे जन्मानंतरच्या पहिल्या उड्डाणाइतकेच जपून करायचे असते, याचा दाखला आपल्याच तटरक्षक दलाने पाहिला आहे. ८ मार्च २०२३ रोजी मुंबईजवळ नौदलाचे ध्रुव हेलिकॉप्टर समुद्रात उतरवावे लागल्यानंतर नियंत्रण-दांड्यांकडे लक्ष गेले. २६ मार्चला कोचीत तटरक्षक दलाच्या ध्रुववर दांड्या बदलून झालेल्या कामानंतर, जमिनीवरच्या चाचण्या समाधानकारक ठरल्यावर, हेलिकॉप्टर तपासणी उड्डाणासाठी उठले. जमिनीपासून ३०-४० फुटांवर सायक्लिकने प्रतिसाद देणे थांबवले आणि ते कोसळले. तिघे जवान बचावले, कारण उंची कमी होती आणि आत प्रवासी नव्हते. चाचणी उड्डाण रिकामे, कमी उंचीवर, टप्प्याटप्प्याने का करायचे याचे कारण तिथे आहे.

लष्करी बाजूला आपल्याकडे उत्पादकाच्या वैमानिकांनंतर सेनादलांच्या वैमानिकांची स्वीकृती उड्डाणे आणि संरक्षण मंत्रालयाच्या गुणवत्ता यंत्रणेची तपासणी असा दुहेरी डोळा असतो. ही पद्धत चांगली आहे. तरीही ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरच्या तटरक्षक तळावर ध्रुव कोसळून तिघांचा बळी गेला, तपासात स्वॅशप्लेट, म्हणजे वैमानिकाचे नियंत्रण फिरत्या पात्यांपर्यंत पोचवणारा भाग, तुटल्याचे पुढे आले, आणि तिन्ही दलांचा ध्रुवांचा ताफा महिनोन्महिने जमिनीवर राहिला. सेवेत फिरत असलेल्या यंत्राचा तो भाग होता. तो दोष सोपवण्याच्या चाचणीच्या आवाक्यातला नव्हता, हे ध्यानात ठेवले तर दोन कामांची सरमिसळ होणार नाही. रचना आणि धातूचे दोष शोधायला सहनशक्तीच्या चाचण्या, भागांच्या आयुष्याच्या मर्यादा आणि सेवेतली सततची कंपन-देखरेख हवी. जुळणीचे दोष शोधायला सोपवण्याआधीची उड्डाणे हवीत. एकीचे काम दुसरीवर ढकलले की दोन्ही अर्धवट राहतात.

कोलार जिल्ह्यातल्या वेमगल इथे एअरबस आणि टाटा यांनी एच-१२५ हेलिकॉप्टरच्या जुळणीचा प्रकल्प हाती घेतला आहे. तुमकुरूला एचएएलचा हेलिकॉप्टर कारखाना फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाला. कोऱ्या नागरी हेलिकॉप्टरांची सोपवणी ही यापुढे आपल्या देशातली नित्याची घटना होईल. तेव्हा घेणाऱ्या कंपन्यांनी, राज्य सरकारांनी आणि रुग्णवाहिका सेवांनी 'किती तास उडाले' एवढ्यावर थांबू नये. उड्डाण-तपासणीचा पूर्ण तक्ता मागावा. प्रत्येक फेरीची कंपनांची मोजमापे मागावीत, कारण तीच पुढच्या वीस वर्षांच्या देखरेखीची पहिली पाटी आहे. ऑटोरोटेशनचे फेरे किती आले आणि ते कोणत्या वजनावर, कोणत्या तापमानात, हे विचारावे. चाचणीत सापडलेल्या दोषांची आणि दुरुस्त्यांची यादी मागावी, आणि यादी कोरी असेल तर समाधान मानण्याआधी तिची कसून चौकशी करावी. शेवटच्या दुरुस्तीनंतरच्या उड्डाणाची तारीख आणि नोंद पाहावी, आणि इथे पुन्हा जुळणी झाली असेल तर तिच्यानंतरचीही. ही कागदपत्रे मिळाल्याशिवाय हेलिकॉप्टर ताब्यात घेऊ नये, मग तासमापक पाच दाखवो की पन्नास.